तापात ट्रोपोनिन वाढलं: हार्ट अटॅक की ‘नुसता व्हायरल’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलेला. चार दिवस ताप-खोकला होता, तपासणीत इन्फ्लुएंझा ए (फ्लू) निघाला. ताप उतरला आणि दुसऱ्याच दिवशी दम लागायला लागला, छातीवर दाब वाटू लागला, म्हणून दाखल केलं. ट्रोपोनिन वरच्या मर्यादेच्या चौपट, ईसीजीत ‘विशेष काही नाही’. एक डॉक्टर म्हणतात व्हायरलमुळे हृदयावर ताण आलाय, दुसरे म्हणतात अँजिओग्राफी करून घेऊ. बरोबर कोण, आणि या सगळ्यात जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

दोघंही बरोबर असू शकतात, आणि गोंधळ तिथेच होतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूंच्या पेशींतलं प्रथिन. पेशी दुखावली की ते रक्तात उतरतं. पेशी दुखावल्या एवढंच ते सांगतं, कशानं दुखावल्या ते सांगत नाही. म्हणून ‘ट्रोपोनिन पॉझिटिव्ह म्हणजे अटॅक’ हे जितकं चूक, तितकंच ‘तापात वाढतंच, सोडून द्या’ हेही चूक. वडिलांच्या हृदयाला इजा कोणत्या वाटेनं झाली, हे आधी ठरवायला हवं. एका वाटेवर अँजिओग्राफीला झालेला काही तासांचा उशीरही महागात पडतो. दुसऱ्या वाटेवर तीच अँजिओग्राफी घाईनं केली तर त्रास वाढवते. रुग्णाला न तपासता ती वाट मी ठरवू शकत नाही. पण ती कशी ठरवतात आणि तुम्ही काय विचारायचं, हे नक्की सांगू शकतो.

पहिली वाट खऱ्या अटॅकची. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर आधीपासून असतो. विषाणूशी लढताना शरीरभर दाह होतो, त्यात या थरावरचं पातळ आवरण फाटू शकतं. त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट झालेल्या असतात, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढलेलं असतं, म्हणजे गुठळी धरायला सगळं तयार. हा धोका किती खरा आहे ते कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं: प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत, त्याच माणसाच्या एरवीच्या काळाच्या तुलनेत अटॅकने दाखल होण्याचं प्रमाण सुमारे ६ पट होतं. सात दिवसांनंतर ही वाढ दिसली नाही. इतर श्वसनविषाणूंतही वाढ होती, पण कमी. यातून कामाची गोष्ट निघते ती वेळेची. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं घरच्यांना वाटतं, आणि हृदयाचा धोक्याचा आठवडा अजून चालूच असतो. तुमच्या वडिलांना दम नेमका याच काळात लागला आहे.

दुसरी वाट मागणी आणि पुरवठ्याची. ताप १ अंश सेल्सियसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण ८ ते १० ठोक्यांनी वाढते. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. नाडी १२० वर गेली की हा विसावा आखडतो. वर ऑक्सिजन कमी, खाणं-पिणं कमी झाल्यानं रक्तदाब खाली, कधी हिमोग्लोबिनही कमी. रक्तवाहिनी आधीच थोडी अरुंद असेल तर गुठळी न होताही स्नायूला रक्त अपुरं पडतं आणि ट्रोपोनिन वाढतं. याला टाइप २ अटॅक म्हणतात. ‘हृदयावर ताण आलाय’ असं पहिले डॉक्टर म्हणाले, त्यांचा रोख बहुधा इकडेच आहे. यात उपाय अँजिओग्राफीच्या टेबलावर नसतो. ऑक्सिजन, ताप उतरवणं, पाण्याचं प्रमाण नीट ठेवणं, नाडी आटोक्यात आणणं आणि संसर्गावर उपचार, हाच हृदयाचा इलाज.

तिसरी वाट मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच आलेली सूज. कधी विषाणूमुळे, पण बऱ्याचदा विषाणूविरुद्ध उठलेल्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे. हा आजार तरुणांत जास्त दिसतो. वडिलांच्या वयाला, स्टेंट असताना, मी हे निदान रक्तवाहिन्यांचा प्रश्न तपासल्याशिवाय मान्य करणार नाही. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तर ते पेरिकार्डायटिस. तिथलं दुखणं टोचणारं असतं, आडवं झाल्यावर आणि खोल श्वास घेतल्यावर वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं. तुम्ही ‘दाब’ लिहिलंय, टोचणं नाही.

चौथी वाट पंप कमी पडण्याची किंवा ठोका बिघडण्याची. हृदय आधीच थोडं अशक्त असेल तर ताप त्याला पार दमवतो आणि फुप्फुसांत पाणी साचतं. किंवा एट्रियल फिब्रिलेशन सुरू होतं: नाडी वेगवान आणि अनियमित, छातीत फडफड, दम. राहिली फुप्फुसातली गुठळी. चार-पाच दिवस अंथरुणावर पडलेला, पाणी कमी प्यायलेला, दाह असलेला माणूस. अचानक दम, ऑक्सिजन कमी आणि एक्स-रे मात्र त्या मानानं स्वच्छ, असं असेल तर हिचा विचार झालाच पाहिजे. इथे डी-डायमर (गुठळीचा माग काढणारी रक्ततपासणी) फारसा कामाचा नाही, कारण संसर्गात तो तसाही वाढतो. तो कमी आला तर उपयोग, वाढला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. मग फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी लागतो.

आता या वाटा वेगळ्या कशा करायच्या. एका ट्रोपोनिनवर मी कधीच निर्णय घेत नाही. पहिल्यानंतर साधारण ३ तासांनी दुसरं, शंका राहिली तर ६ तासांनी तिसरं. मुळातच वाढलेल्या आकड्यात २० टक्क्यांहून जास्त चढ किंवा उतार असेल तर इजा ताजी आहे असं धरतात. आकडा जवळजवळ तिथल्या तिथे राहिला तर ती जुनी, संथ गळती असू शकते; मूत्रपिंडं अशक्त असली किंवा हृदय पूर्वीपासून कमजोर असलं तर असं दिसतं. तुमच्या प्रश्नात एकच आकडा आहे. पहिला प्रश्न हाच विचारा: दुसरं ट्रोपोनिन कधी केलं आणि किती आलं?

ईसीजीचंही तसंच. ‘विशेष काही नाही’ हे त्या एका क्षणाचं चित्र आहे. छातीवर दाब वाटत असतानाच पुन्हा काढायला सांगा, आणि स्टेंटच्या वेळचा जुना ईसीजी घरी फाइलमध्ये असेल तर तो आजच दवाखान्यात न्या. जुन्या कागदाशेजारी ठेवल्यावर ‘किरकोळ’ वाटलेला बदल नवा असल्याचं कळतं. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये (ईसीजीच्या तारांनी टिपलेल्या बाजू) लपू शकतो; शंका असेल तर पाठीकडच्या लीड लावून बघतात.

आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इथे मला सर्वांत जास्त माहिती मिळते. एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीतली भिंत नीट हलत नसेल तर पारडं अटॅककडे झुकतं, फक्त ते जुन्या स्टेंटच्या जागचं जुनंच व्रण नाही ना, हे जुन्या इकोशी ताडून बघावं लागतं. सगळंच हृदय सारखं मंदावलं असेल तर मायोकार्डायटिस किंवा एकूण आजाराचा परिणाम. उजवी बाजू फुगलेली असेल तर फुप्फुसातली गुठळी किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार. भोवती पाणी असेल तर आवरणाचा प्रश्न. टोक फुग्यासारखं झालेलं आणि बुंधा जोरात आकसणारा दिसला तर तीव्र ताणाने होणारा टाकोत्सुबो, पण तोही रक्तवाहिन्या पाहिल्याशिवाय पक्का करता येत नाही. इको खाटेशेजारी १५-२० मिनिटांत होतो, रुग्णाला हलवावंही लागत नाही. ट्रोपोनिनवर वाद चालू आहे आणि इको झालेलाच नाही, अशी स्थिती असेल तर आधी तो मागा.

मग अँजिओग्राफी कधी? पुढच्यापैकी काहीही असेल तर फ्लू आहे म्हणून थांबायचं नाही: छातीतला दाब औषधं देऊनही थांबत नाही किंवा पुन्हा पुन्हा येतो, ईसीजीच्या रेषेतला ‘एसटी’ नावाचा भाग वर किंवा खाली सरकतोय, रक्तदाब घसरतोय, ठोक्यांची जीवघेणी लय दिसली, किंवा इकोत एका रक्तवाहिनीच्या हद्दीत नवा दोष आहे. अशा वेळी संसर्गाची खबरदारी घेऊन अँजिओग्राफी करतात.

यातलं काहीच नसेल, दाब ऑक्सिजन आणि ताप सुधारल्यावर गेला असेल, ट्रोपोनिन उतरणीला लागलं असेल, तर दोन-चार दिवस थांबणं हा निष्काळजीपणा नव्हे. कारणं साधी आहेत. अँजिओग्राफीत जे औषध रक्तवाहिनीत सोडतात ते मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. तापानं पाणी कमी झालेल्या मधुमेही माणसाची मूत्रपिंडं तेव्हा सर्वांत नाजूक असतात. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) बघून, पाणी भरून काढून मग केलेलं बरं. धाप लागलेल्या माणसाला टेबलावर सपाट झोपवत नाही. आणि ऐन दाहाच्या काळात नवा स्टेंट बसला तर त्यात गुठळी होण्याची भीतीही जास्त.

तरी तुमच्या वडिलांबाबत माझा कल स्पष्ट सांगतो. मधुमेह, जुना स्टेंट आणि छातीवर दाब या तिन्ही गोष्टी एकत्र असताना, अटॅक नाही हे दाखवून देईपर्यंत मी अटॅक धरून चालेन. मधुमेहात दुखणं पुसट असतं, कित्येकदा दम हीच एकमेव तक्रार असते. तेव्हा ‘आपण थांबतोय’ हे ठीक, पण ते मॉनिटरवर, ठरावीक तासांनी ईसीजी घेत थांबणं हवं. साध्या वॉर्डात फक्त खोकल्याच्या औषधावर थांबणं नको. हेपरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन द्यायचं का, हेही इथेच ठरतं: गुठळीचा संशय खरा असेल तर द्यायचं, नुसत्या ताणानं वाढलेल्या ट्रोपोनिनला त्याचा फायदा नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र आहे.

सलाइनबद्दल एक शब्द, कारण गडबड इथे वारंवार होते. ताप, कमी रक्तदाब, कोरडी जीभ म्हणून बाटल्या भराभर लावल्या जातात, आणि अशक्त हृदयाला ते पाणी पुढे ढकलता येत नाही. संध्याकाळी छातीत घरघर वाढते आणि तिला न्यूमोनिया वाढला असं नाव पडतं. वाजवी पद्धत म्हणजे २५० मिलिलिटर द्यायचं, मग श्वास, फुप्फुसं आणि रक्तदाब पुन्हा तपासायचे, मगच पुढचं. किती आत गेलं आणि किती लघवी झाली याची नोंद ठेवली जातेय का, एवढं तुम्ही नक्की विचारू शकता.

आता गोळ्या. स्टेंटसाठीची ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळी स्वतःहून बंद करू नका. ‘आधीच इतकी औषधं आहेत’ म्हणून घरचे नेमकी हीच गोळी वगळतात, आणि रक्त सर्वांत चिकट असतं त्या आठवड्यात संरक्षण जातं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळीही चालू ठेवायची. मात्र क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर सिमव्हास्टॅटिन सोबत चालत नाही आणि अटोरव्हास्टॅटिनचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर स्नायूंना इजा होते. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी, उदा. मेटोप्रोलॉल) एकदम तोडू नये. रक्तदाब फार खाली असेल किंवा फुप्फुसांत पाणी असेल तर डोस कमी करायचा, तो डॉक्टरांनी. रामिप्रिल, टेल्मिसार्टनच्या वर्गातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला बरीच भीती होती. नंतरच्या चाचण्यांत त्या चालू ठेवल्यानं नुकसान दिसलं नाही. अपवाद रक्तदाब घसरलेला असताना किंवा उलट्या-जुलाब होऊन मूत्रपिंडांवर ताण असताना. तेव्हा त्या, लघवीच्या गोळ्या, आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. शेवटच्या दोघींचं विशेष लक्षात ठेवा: खाणं बंद असताना त्या चालू राहिल्या तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं.

फ्लूसाठी ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस हा नेहमीचा डोस. मूत्रपिंडं अशक्त असतील तर कमी. पहिल्या ४८ तासांत उत्तम, पण दाखल झालेल्या रुग्णाला उशीर झाला तरी देतात. मुळात ही लक्षणं सुरू झाल्याबरोबर दिलेली बरी, हे पुढच्या वेळेसाठी.

न देण्याच्या औषधांची यादी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्यातली बरीच घरातच असतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं हृदयरोग्याला तापात नकोत. ती शरीरात पाणी-मीठ धरून ठेवतात, मूत्रपिंडांवर भार टाकतात, अटॅकचा धोका वाढवतात, आणि आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामात आडवंही येतं. तापाला पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास, वयस्कर माणसाला दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. पाण्यात विरघळणारी, फसफसणारी गोळी टाळा. तशा एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं, दिवसाला सहा गोळ्या म्हणजे हृदय कमजोर असलेल्याला मिठाचा मोठा डोस. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिन असतं, ते नाडी आणि रक्तदाब चढवतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचाच.

दवाखान्यातही एक जोडी सांभाळावी लागते. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स, उलटीसाठीचं ऑनडॅनसेट्रॉन, ही सगळी ईसीजीतला क्यूटी (एका ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीनं पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबवतात. एकेकटी बहुतेकांना चालतात. दोन-तीन एकत्र, त्यात जुलाबांनी पोटॅशियम कमी, आणि वाफेच्या मशीनमधल्या साल्ब्युटामॉलनं ते आणखी खाली, असं झालं की धोकादायक लय सुरू होऊ शकते. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर ती औषधं थांबवायची. रक्तातलं पोटॅशियम ४ (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) च्या वर, मॅग्नेशियम २ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर ठेवायचं. रोजच्या ईसीजीवर क्यूटी मोजला जातोय ना, हा प्रश्न विचारताना संकोच करू नका.

घरी सोडल्यावर काय बघायचं. पुढचे दोन आठवडे सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसल्यावर चार गोष्टी वहीत लिहा: नाडी, मिनिटातले श्वास, ऑक्सिजन, आणि सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन. ताप नसताना बसल्या जागी नाडी ११० च्या वर, श्वास २४ च्या वर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा तीन दिवसांत वजन २ किलोनं वाढलं, तर त्याच दिवशी दाखवा. फुप्फुसांचा जुना आजार असेल तर ऑक्सिजनची मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. बोट गार असेल किंवा नाडी अनियमित असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. हात चोळून गरम करा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचा. नाडी एकदा तरी मनगटावर बोट ठेवून पूर्ण मिनिट मोजा, कारण ठोके अनियमित आहेत हे यंत्राच्या आकड्यावरून कळत नाही. रात्री उशा वाढवाव्या लागल्या, धाप लागून जाग आली, घोट्यांवर सूज आली, ही हृदय मागे पडत असल्याची खूण. छातीवरचा दाब दहा मिनिटांत गेला नाही, चक्कर येऊन पडले, ओठ निळसर झाले किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

हे वाचणाऱ्यांत तरुण रुग्ण असतील तर त्यांच्यासाठी. व्हायरलनंतर छातीत दुखणं, धडधड, किंवा जिना चढताना न झेपणारा थकवा आणि ट्रोपोनिन वाढलेलं, अशा वेळी मायोकार्डायटिस वरच्या क्रमांकावर येतो. हृदयाचा एमआरआय इथे उपयोगी: स्नायूतली सूज दिसते, आणि व्रणाची जागा बोलकी असते. अटॅकचा व्रण आतल्या थरापासून सुरू होतो, मायोकार्डायटिसचा बहुधा बाहेरच्या थरात आणि बाजूच्या भिंतीत असतो. निदान झालं तर जोराचा व्यायाम आणि स्पर्धात्मक खेळ साधारण ३ ते ६ महिने बंद, आणि पुन्हा सुरू करण्याआधी इको, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर बांधून चालू ठेवलेला ईसीजी) आणि व्यायाम-चाचणी. ‘आता बरं वाटतंय’ यावर मैदानात उतरू नये. सुजलेल्या स्नायूत जोराच्या व्यायामानं जीवघेणी लय उठू शकते.

तुमच्या वडिलांकडे परत येतो. या वेळी अँजिओग्राफी झाली नाही, तरी विषय तिथे बंद करू नका. सहा आठवड्यांनी इको पुन्हा करा, आणि रक्तवाहिन्यांची तपासणी कोणती व कधी हे सुटीच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी ठरलेली तपासणी बरं वाटलं की राहून जाते. तोपर्यंत सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगानं चालणं, पहिल्या आठवड्यात ५ ते १० मिनिटं, मग हळूहळू जास्त.

आणि लस. अटॅकनंतर लगेच, बहुतेकांना ७२ तासांच्या आत, फ्लूची लस दिलेल्या रुग्णांची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांचं एकत्रित प्रमाण लस घेतलेल्यांत ५.३ टक्के आणि न घेतलेल्यांत ७.२ टक्के होतं. एका इंजेक्शनच्या मानानं हा फायदा मोठा आहे. एकदा फ्लू होऊन गेला तरी दुसऱ्या प्रकारचा होऊ शकतो, म्हणून वडील सावरल्यावर ही लस द्या, दरवर्षी द्या, आणि न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाविरुद्धची लस) झाली नसेल तर तीही विचारून घ्या. घरात त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनीही फ्लूची घ्यावी, कारण बहुतेक वेळा विषाणू घरातल्याच कुणाच्या तरी खोकल्यातून त्यांच्यापर्यंत पोचतो.